उमेदवार सत्तेनेच चाळून दिले तर ती निवडणूक खुली म्हणायची का? (इराणच्या निमित्ताने)

कृष्णाकाठ

जुलै २०२४ मध्ये इराणात मसूद पेझेश्कियान राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'सुधारणावादी उमेदवाराचा विजय' अशीच बातमी होती. बातमी खोटी नव्हती. दुसऱ्या फेरीत त्यांना सुमारे १ कोटी ६३ लाख मतं पडली आणि कट्टरपंथी सईद जलीली यांना सुमारे १ कोटी ३५ लाख. हरलेल्याने निकाल मान्य केला. एवढंच पाहिलं तर तक्रारीला जागा दिसत नाही.

पण मतदानाच्या आधीचं पाहा. आधीचे राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर ही निवडणूक घाईने लागली. ८० जणांनी अर्ज भरले. मतपत्रिकेवर जायची परवानगी मिळाली ६ जणांना. त्या सहांत सुधारणावादी म्हणावा असा एकच. आणि हेच पेझेश्कियान २०२१ मध्ये अर्ज भरायला गेले होते तेव्हा त्यांना नकार मिळाला होता. सुधारणावादी राष्ट्राध्यक्ष खातमींच्या काळात आरोग्यमंत्री राहिलेला, तबरीझहून वर्षानुवर्षं संसदेवर निवडून येणारा हा माणूस २०२१ मध्ये लायक नव्हता आणि २०२४ मध्ये लायक झाला. मधल्या तीन वर्षांत त्यांच्यात काय बदललं, हे मतदारांना सांगायला कुणीही बांधील नव्हतं.

ही चाळणी लावते 'पालक परिषद'. बारा सदस्य. सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता (राष्ट्राध्यक्षाच्याही वरचा, देशाचा धार्मिक-राजकीय प्रमुख) थेट नेमतो. उरलेले सहा कायदेतज्ज्ञ संसद निवडते, पण नावं सुचवतो न्यायव्यवस्थेचा प्रमुख, आणि त्याला नेमतो तोच सर्वोच्च नेता. राज्यघटनेच्या ९९व्या कलमात परिषदेकडे निवडणुकांची 'देखरेख' दिली आहे. या देखरेखीत प्रत्येक उमेदवाराला हो-नाही म्हणायचा अधिकार येतो असा अर्थ १९९१ मध्ये लावला गेला. लावला कुणी? घटनेचा अर्थ लावायचा अधिकारही याच परिषदेकडे आहे, त्यामुळे तिनेच.

आता वर्तुळ पूर्ण करते. सर्वोच्च नेत्याला निवडणारी आणि कागदोपत्री त्याला पदावरून दूरही करू शकणारी ८८ जणांची 'तज्ज्ञसभा' असते. तिच्यासाठी लोक मतदान करतात. पण तिचे उमेदवारही पालक परिषदच चाळते. म्हणजे नेत्याला जाब विचारणारे कोण असावेत, हे नेत्याने नेमलेली माणसं ठरवतात. २०१६ मध्ये खुद्द क्रांतीचे नेते आणि पहिले सर्वोच्च नेते खोमेनींच्या नातवाला, हसन खोमेनींना, या सभेची निवडणूक लढवू दिली नाही. २०२४ मध्ये हसन रुहानींना नाकारलं, आणि ते आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते.

मला सगळ्यात जास्त चटका लावून गेला तो २०१३ मधला प्रकार. अकबर हाशेमी रफसंजानी. क्रांतीच्या पहिल्या फळीतले, संसदेचे सभापती, १९८९ ते १९९७ राष्ट्राध्यक्ष, आणि १९८९ मध्ये खामेनींना सर्वोच्च नेता करण्यात ज्यांचा मोठा हात होता ते. २०१३ मध्ये त्यांचा अर्ज उडवला, तेव्हा ते राज्यहित परिषदेचे (संसद आणि पालक परिषद यांच्यातले वाद सोडवणारी संस्था) अध्यक्ष होते. त्या पदावर त्यांना नेमलं होतं सर्वोच्च नेत्यानेच, आणि अर्ज उडवणारी परिषदही त्याच नेत्याची. त्या पदाला लायक, पण लोकांसमोर मत मागायला नालायक. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांनाच ती लोकांसमोर जाऊ देत नाही, तेव्हा पात्रता तपासली जाते यावर माझा विश्वास बसत नाही. तपासला जातो तो धोका. हा माणूस जिंकला तर आपल्याला अडचण होईल का, एवढाच प्रश्न विचारला जातो.

माझं मत सांगून टाकते. मतमोजणी कितीही चोख असो, ज्या सत्तेला लोकांनी पारखायचं आहे तीच जर कोण उभं राहील हे ठरवणार असेल, तर ती निवडणूक खुली नाही आणि न्याय्यही नाही. पण मग इराणचे लोक पहाटेपासून रांगा लावून मत देत आले ते काय वेडे म्हणून? तसं मला मुळीच वाटत नाही. १९९७ मध्ये २३८ अर्जांतून फक्त ४ जण उरले होते, तरी लोकांनी सत्तेच्या पसंतीचे नातेक-नूरी सोडून मोहम्मद खातमींना जवळजवळ ७० टक्के मतं दिली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा धरायच्या, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

---

स्पष्टवक्ता

धागा चांगला आहे, पण मी विरोधी बाजू मांडतो, कारण ती इथे कुणी मांडणार नाही असं दिसतंय.

चाळणी कुठे नाही? आपल्याकडे अर्जांची छाननी होते आणि दर निवडणुकीत शेकड्याने अर्ज बाद होतात. खासदारकीचा अर्ज भरणाऱ्याला देशाच्या सार्वभौमत्वाची आणि एकात्मतेची शपथ घ्यावीच लागते. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने ही अट आली, आणि ती फुटीरतावाद्यांना रोखण्यासाठीच आली. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीलाही उभं राहता येत नाही. गावागावांत चांगले कार्यकर्ते यामुळे घरी बसलेत. तीही सरकारनेच लावलेली चाळणी आहे.

शिवाय कायद्याची चाळणी नसली तरी तिकिटाची असते. पक्षश्रेष्ठींनी नाव कापलं की संपलं. अपक्ष म्हणून उभा राहून किती जण निवडून येतात? पैसा नसेल तर अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा विचारही करता येत नाही. म्हणजे सगळीकडे लोकांसमोर येणारी नावं आधी कुणीतरी निवडलेलीच असतात. इराणात हे उघडपणे एक परिषद करते, एवढाच फरक. आणि तरीही खातमी जिंकले, रुहानी जिंकले, पेझेश्कियान जिंकले. ठरवून दिलेला निकाल असता तर हे जिंकले नसते.

---

काळा कोट

स्पष्टवक्ता, मुद्दे गंभीर आहेत म्हणून सविस्तर लिहितो. बरीच वर्षं निवडणूक याचिकांची कामं केली आहेत.

छाननी आणि परवानगी यांत गल्लत होते आहे. आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकारी काय बघतो? वय, मतदार यादीतलं नाव, सूचकांच्या सह्या, अनामत, प्रतिज्ञापत्र, शिक्षा झाली आहे का, लाभाचं पद आहे का. हे सगळं कायद्यात आधीपासून लिहिलेलं आहे, आणि अर्ज भरायच्या आधी कोणीही घरी बसून आपण बसतो की नाही ते तपासू शकतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ३६वं कलम सांगतं की किरकोळ त्रुटीवरून अर्ज नाकारायचा नाही, आणि नाकारला तर कारण लेखी द्यायचं. त्याहून मोठी गोष्ट १००व्या कलमात आहे. एखादा अर्ज चुकीने नाकारला गेला हे उच्च न्यायालयात सिद्ध झालं, तर ती निवडणूकच रद्द होते. तो उमेदवार जिंकला असता की नाही, निकालावर परिणाम झाला असता की नाही, हे सिद्ध करावं लागत नाही. उलट चुकीचा अर्ज स्वीकारला गेला असेल, तर निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. हा भेद मुद्दाम ठेवलेला आहे. मतदारापुढे एक नाव जास्त आलं तर बिघडेलच असं नाही, पण एक नाव अन्यायाने काढलं तर निवडणूक नासली, असं आपला कायदा मानतो.

आता इराण. राष्ट्राध्यक्षपदाच्या अटी काय? राजकीय-धार्मिक क्षेत्रातलं मान्यवर असणं, कारभाराची क्षमता, सचोटी, प्रजासत्ताकाच्या मूलतत्त्वांवर निष्ठा. या गोष्टी मोजायच्या कशाने? २०२१ मध्ये अली लारीजानींना बाद केलं. बारा वर्षं संसदेचे सभापती होते. कारणं जाहीर करा म्हणून ते मागे लागले. त्यांचे सख्खे भाऊ सादेक लारीजानी त्या वेळी पालक परिषदेचेच सदस्य होते, आणि त्यांनीसुद्धा त्या निर्णयावर उघडपणे टीका केली. २०२४ मध्ये अली लारीजानी पुन्हा आले, पुन्हा बाद. कोणत्या न्यायालयात जाणार? तशी वाटच नाही.

दोन अपत्यांच्या नियमाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, तो नियम मला कधीच पटलेला नाही. पण तो सत्ताधारी पक्षाच्या सरपंचालाही तितकाच लागतो, आणि लागतो की नाही हे जन्मदाखल्यावरून ठरतं.

सुरतचं कुणी काढण्याआधी मीच काढतो. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' म्हटलं, अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि लोकसभेची जागा मतदानाशिवाय बिनविरोध गेली. लाखो मतदारांना बटण दाबायलाच मिळालं नाही. मला ते अतिशय अस्वस्थ करणारं वाटलं. आपली व्यवस्था निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पण तिथे काय घडलं ते कागदावर आहे, त्याला नाव आहे, त्यावर भांडता येतं.

---

रानजाई

पुण्यात शिकत असताना वर्गात इराणी मुलंमुली होती. पुण्याला इराणी विद्यार्थ्यांची जुनी परंपरा आहे, हे इथल्या अनेकांना माहीत असेलच. २००९ च्या जूनमध्ये त्यांच्यापैकी काही जण मत द्यायला मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जाऊन आले. मनगटाला हिरवी फीत बांधून गेले होते, मीर हुसेन मुसावींसाठी. त्या वर्षी पावणेपाचशेच्या आसपास अर्जांतून चारच नावं उरली होती.

मी माझ्या मैत्रिणीला हाच प्रश्न विचारला होता, जो कृष्णाकाठ यांनी विचारलाय. मुसावी तरी कोण, ऐंशीच्या दशकातले पंतप्रधानच ना, व्यवस्थेतलेच. मग एवढा जीव का टाकताय? ती म्हणाली होती, आम्हाला कोण हवाय हे आम्हाला विचारतच नाहीत, पण कोण नकोय हे सांगायची ही एकच जागा आहे, ती मी का सोडू? नंतर निकाल लागला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद पहिल्याच फेरीत जिंकल्याचं जाहीर झालं, तेहरानचे रस्ते भरून गेले, माणसं मारली गेली. वसतिगृहात रात्र रात्र फोन चालू असायचे. मुसावी फेब्रुवारी २०११ पासून नजरकैदेत गेले.

या प्रसंगाचा मला लागलेला अर्थ स्पष्टवक्ता यांच्या बरोबर उलटा आहे. चाळणीतून पार झालेला, पूर्ण तपासलेला माणूससुद्धा लोकांच्या पाठिंब्यावर मोठा व्हायला लागला की धोकादायक ठरतो. तेव्हा उमेदवार चाळणं ही पहिली पायरी झाली. ती पुरली नाही की पुढच्या पायऱ्या आहेतच.

आणि एक. राष्ट्राध्यक्षपदासाठी आजवर एकाही बाईला पालक परिषदेने मान्यता दिलेली नाही. आझम तालेघानी १९९७ पासून अर्ज भरत राहिल्या, २०१९ मध्ये त्या वारल्या. निम्मी लोकसंख्या मत देते पण मत मागू शकत नाही. न्याय्य की अन्याय्य हा वाद घालायला मला एवढंच पुरेसं आहे.

---

कृष्णाकाठ

रानजाई, 'कोण नकोय हे सांगायची जागा' हे फार नेमकं आहे. मला हवं होतं ते उत्तर बरंचसं इथे मिळालं.

त्याला जोडून २०२१ चे आकडे देते. ५९२ अर्ज, ७ मंजूर. लारीजानी बाद, उपराष्ट्राध्यक्ष जहांगिरी बाद, अहमदीनेजाद बाद. रईसींसमोर तोडीचा कुणी ठेवलाच नाही. मतदान ४८.८ टक्के, तोवरच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकांतलं सर्वांत कमी. आणि सुमारे ३७ लाख मतं कोरी किंवा बाद निघाली. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोहसेन रेझाईंना मिळालेल्या सुमारे ३४ लाखांपेक्षाही जास्त! मतदान केंद्रावर जाऊन, रांगेत उभं राहून इतक्या लोकांनी कुणालाच मत दिलं नाही. नको म्हणायचीही जागा काढून घेतली तेव्हा त्यांनी ती अशी शोधली.

स्पष्टवक्ता, तुम्ही म्हणता खातमी जिंकले, मग व्यवस्था बंद कशी? तर पुढे काय झालं ते बघा. खातमी १९९७ मध्ये आले, २००० मध्ये संसदही सुधारणावाद्यांची झाली. म्हणजे लोकांनी निवडून द्यायचं तेवढं सगळं दिलं होतं. त्या बळावर खातमींनी २००२ मध्ये दोन विधेयकं आणली. त्यातलं एक नेमकं याच चाळणीवर होतं, पालक परिषदेचा उमेदवार बाद करण्याचा अधिकार कमी करणारं. संसदेने मंजूर केलं. पण संसदेचा प्रत्येक कायदा शेवटी पालक परिषदेकडे मंजुरीला जातो. तिने ते परत पाठवलं. २००४ मध्ये खातमींनी विधेयकं मागे घेतली. त्याच वर्षीच्या संसदीय निवडणुकीत हजारो अर्ज बाद झाले, ऐंशीहून अधिक विद्यमान खासदार त्यात होते. खासदारांनी संसदेतच धरणं धरलं, राजीनामे दिले. काहीही उपयोग झाला नाही.

लोकांनी दोनदा भरभरून मतं देऊनसुद्धा जो अधिकार तसूभर हलत नाही, तो अधिकार ज्या निवडणुकीवर बसलेला आहे तिला मी खुली कशी म्हणू?

---

दर्यावर्दी

जहाज कंपनीच्या नोकरीमुळे बरीच वर्षं हाँगकाँगला काढली. इराणशी तुलना करावी असं तिथे डोळ्यांसमोर घडलं, म्हणून लिहितो.

हाँगकाँगमध्ये सुरुवातीला अशी चाळणी नव्हती. विधिमंडळ अर्धंच थेट निवडून यायचं, तेही अन्यायाचंच, पण त्या अर्ध्या जागांवर कुणीही उभं राहू शकत असे. २०१४ मध्ये बीजिंगने सांगितलं की पुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला (म्हणजे हाँगकाँग सरकारच्या प्रमुखाला) सगळ्या जनतेला मत देऊन निवडता येईल, पण उमेदवार दोन किंवा तीनच, आणि प्रत्येकाला १,२०० जणांच्या समितीत निम्म्याहून जास्त पाठिंबा हवा. ती समिती कुणाच्या बाजूची, हे सगळं शहर जाणून होतं. लोक ७९ दिवस रस्त्यावर बसले, छत्र्या घेऊन. मला तेव्हा माझे स्थानिक सहकारी सांगायचे की आम्हाला सगळ्यांना मत मिळतंय आणि तरीही आम्ही विरोधात का आहोत, हे बाहेरच्यांना कळत नाही. मला कळायला वेळ लागला नाही. जून २०१५ मध्ये विधिमंडळाने तो प्रस्ताव फेटाळला.

वर शपथेचा मुद्दा आलाय. २०१६ मध्ये तिथेही उमेदवारांकडून लिहून घेतलं की हाँगकाँग चीनचा अविभाज्य भाग आहे हे मान्य. एडवर्ड लिआंग या तरुण नेत्याने सही केली. तरी अर्ज बाद. अधिकाऱ्याचं म्हणणं असं की याने सही केली असली तरी मनापासून केलेली नाही! आपल्याकडे शपथ घेतली की अर्ज वैध, अधिकारी तुमच्या मनात डोकावत नाही. माझ्या मते सीमारेषा तिथेच आहे. तुम्ही काय केलं हे तपासता तोवर ती पात्रता, तुम्ही काय मानता हे तपासायला लागलात की ती परवानगी.

नोव्हेंबर २०१९ च्या जिल्हा परिषदा मी पाहिल्या. ७१ टक्के मतदान. लोकशाहीवाद्यांनी १८ पैकी १७ परिषदा घेतल्या. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये 'देशभक्तांनीच हाँगकाँग चालवावं' म्हणत सगळी रचना बदलली. उमेदवारांसाठी पात्रता तपासणी समिती, तिला पोलिसांच्या राष्ट्रीय सुरक्षा विभागाचा अहवाल, आणि तिच्या निर्णयावर न्यायालयात दाद नाही. ९० जागांत थेट निवडणुकीच्या फक्त २०. डिसेंबर २०२१ मध्ये मतदान ३०.२ टक्के. २०२३ मध्ये जिल्हा परिषदांना २७.५ टक्के, तेव्हा ४७० पैकी ८८ जागाच थेट उरल्या होत्या. मतदानाच्या दिवशी बस-मेट्रो फुकट ठेवली होती २०२१ ला. लोक त्या फुकट मेट्रोने डोंगरात फिरायला, समुद्रावर गेले.

कुणी म्हणेल, आळशी मतदार. हेच मतदार दोन वर्षांपूर्वी इमारतींना वळसे घालणाऱ्या रांगांत उभे होते.

---

मोगरा

दर्यावर्दी, '७१ वरून ३०' हे वाचून थांबले. अशा व्यवस्थेत मतदानाची टक्केवारी हाच खरा निकाल असतो असं म्हणावंसं वाटतं. इराणातही २०२४ च्या पहिल्या फेरीत ४० टक्क्यांच्या आतच होतं ना?

---

कृष्णाकाठ

हो, ३९.९. दुसऱ्या फेरीत जलीली येतील या भीतीने वाढून ४९.८ झालं. रानजाईंच्या मैत्रिणीचंच गणित, पंधरा वर्षांनी.

---

गिरगावकर

एक बाजू राहून जाते आहे म्हणून लिहितो. आमच्या भागात इराणी हॉटेलवाल्यांची कुटुंबं लहानपणापासून ओळखीची. त्यातली बरीच मूळची यझ्द आणि आसपासच्या गावांतली झरथुष्ट्री. त्यांच्या घरांमध्ये २०१७ साली एकाच नावाची चर्चा असायची, सेपांता निकनाम.

हे यझ्द शहराचे नगरसेवक. झरथुष्ट्री. २०१३ मध्ये निवडून आले, २०१७ मध्ये पुन्हा. यझ्दमध्ये झरथुष्ट्री मूठभरच उरलेत, म्हणजे मतं मुसलमानांचीच होती. लोकांनी कामावर खूश होऊन निवडलं. पण निवडणुकीच्या तोंडावर पालक परिषदेचे अध्यक्ष अहमद जन्नती यांनी पत्र काढलं होतं की मुसलमान बहुसंख्य असलेल्या ठिकाणी इतर धर्मीयांनी परिषदेत असू नये. हरलेल्या एका उमेदवाराने तक्रार केली आणि निकनाम यांचं सदस्यत्व निलंबित झालं. संसदेने त्यांच्या बाजूने कायद्यात दुरुस्ती केली, ती पालक परिषदेने नाकारली. शेवटी जुलै २०१८ मध्ये राज्यहित परिषदेने मध्ये पडून त्यांना परत बसवलं.

या प्रकरणाचा शेवट तुलनेने चांगला झाला, ते मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी भांडणाऱ्यांत मुसलमान खासदार होते, हेही सांगायला हवं. पण संसदेत झरथुष्ट्र्यांना एक राखीव जागा आहे, ज्यूंना एक, आर्मेनियनांना दोन, असिरियनांना एक, आणि हे दाखवून आमच्याकडे सगळ्यांना प्रतिनिधित्व आहे असं सांगितलं जातं. राखीव कोपऱ्यात बसा, चालेल. शेजाऱ्यांनी स्वतःहून निवडून दिलं तर मात्र चालणार नाही. मला तो जास्त मोठा अन्याय वाटतो, कारण तो निवडणाऱ्या शेजाऱ्यांवरही आहे.

---

कुंकळ्ळीकार

गोव्यातून लिहितो. आमच्या आजोबांच्या पिढीने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या निवडणुका पाहिल्या. निवडणुका व्हायच्या! पोर्तुगालच्या राष्ट्रीय सभेसाठी, ठरल्या वेळी. आणि सालाझारच्या 'राष्ट्रीय संघा'ने प्रत्येक वेळी सगळ्याच्या सगळ्या जागा घेतल्या.

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिल्यांदा खुली निवडणूक झाली. ज्या केंद्र सरकारने दोन वर्षांपूर्वी फौज पाठवून गोवा मुक्त केला, ते काँग्रेसचं. नेहरू पंतप्रधान. काँग्रेसला वाटत होतं की लोक आपल्यालाच निवडतील. गोव्यात एकही जागा मिळाली नाही, जी एक आली ती दमणची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मुक्तीला काँग्रेस, मताला दुसराच. आणि दिल्लीने तो निकाल मुकाट्याने मान्य केला.

भाऊंच्या पक्षाचा मुख्य मुद्दा काय होता? गोवा महाराष्ट्रात विलीन करा. काँग्रेसची चाळणी असती तर तो मुद्दा घेऊन उभं राहणाऱ्याला 'गोव्याच्या अस्तित्वावर निष्ठा नाही' म्हणून सहज बाद करता आलं असतं. तसं केलं नाही. विलीनीकरणवादी जिंकले, आणि तीन वर्षांनी, जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्याच गोव्याने विलीनीकरण नाकारलं. (मी विलीनीकरणाच्या विरोधातल्या घरातला, पण भाऊंना उभं राहू दिलं नसतं तर कौलाला काही किंमत राहिली नसती असंच मला वाटतं.) ज्याला सत्तेच्या मते भलतंच काही हवंय त्यालाही उभं राहता येतं का, एवढं मी बघतो.

---

स्पष्टवक्ता

बरंच वाचलं आणि काही गोष्टींवर माझं मत हललं. खातमींच्या विधेयकाचा मुद्दा माझ्या मूळ युक्तिवादाला छेद देतो, ते मान्य. काळा कोट यांचा चुकीने नाकारलेल्या आणि चुकीने स्वीकारलेल्या अर्जातला फरकही मला नवा होता.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. 'खुली नाही' म्हणा, 'न्याय्य नाही' म्हणा. 'नाटक' म्हणू नका. २०१३ मध्ये रफसंजानी बाद झाल्यावर लोक घरी बसले असते तर जलीली तेव्हाच आले असते आणि २०१५ चा अणुकरार (अणुकार्यक्रमावर मर्यादा, बदल्यात निर्बंध उठवणं) झाला नसता. लोकांनी उरलेल्या नावांतून रुहानींना ५०.७ टक्क्यांनी पहिल्याच फेरीत काढलं. करार पुढे मोडला तो अमेरिकेने २०१८ मध्ये. निर्बंध उठले त्या दोन-तीन वर्षांत औषधं, विमानांचे सुटे भाग, तेलाची विक्री यांवर कोट्यवधी लोकांचं रोजचं जगणं अवलंबून होतं. बंदिस्त निवडणुकीतही मताला वजन असतं, आणि बाहेर बसून त्याला नाटक म्हणणं हा मतदारांचा अपमान आहे.

---

रानजाई

स्पष्टवक्ता, यावर पूर्ण सहमत. मीही 'नाटक' म्हणणार नाही. पण बहिष्कार टाकणाऱ्यांचाही तितकाच मान ठेवायला हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेल्यावर जी पोरं रस्त्यावर उतरली, त्यांनी २०२४ ला मत दिलं नाही, आणि त्यांना 'लोकशाहीत भाग घेत नाहीत' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या मैत्रिणीने पहिल्या फेरीत मत दिलं नाही, दुसऱ्या फेरीत दिलं. तिच्या धाकट्या बहिणीने दोन्हीत नाही. दोघी एकमेकींशी आठवडाभर बोलत नव्हत्या.

---

काळा कोट

कृष्णाकाठ, २०२१ च्या कोऱ्या मतांवरून एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे 'नोटा' आला तो २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. लोकसभा-विधानसभेत त्याला आजही दात नाहीत, नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार विजयीच. पण महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक संस्थांसाठी आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं मिळाली तर कुणालाच विजयी घोषित करायचं नाही, फेरनिवडणूक घ्यायची.

आणि इराणनेही मान्य केलेला एक दस्तऐवज आहे, नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. त्यांनी तो १९७५ मध्ये, शहाच्या काळात स्वीकारला. १९७९ नंतरच्या राजवटीने तो सोडलेला नाही. त्याच्या २५व्या कलमात मत देण्याचा आणि निवडून येण्याचा, असे दोन्ही हक्क एकाच वाक्यात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९६ मध्ये त्यावर भाष्य करताना स्पष्ट म्हटलंय की राजकीय संलग्नतेवरून कुणाला उमेदवारीतून वगळता येणार नाही. तेव्हा 'हे पाश्चात्त्यांचे निकष आमच्यावर लादता' हा युक्तिवाद इराणला करता येत नाही, सही त्यांचीच आहे.

---

कृष्णाकाठ

काळा कोट, हा करार मला ठाऊक होता पण इराणने तो सोडलेला नाही हे लक्षात नव्हतं. धन्यवाद. स्थानिक संस्थांमधल्या नोटाच्या आदेशावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? आमच्या तालुक्यात ग्रामपंचायती बिनविरोध करण्यासाठी बक्षिसं जाहीर होतात, आणि बिनविरोध झाली की नोटाही नाही, मतदानही नाही. त्यावर बोलायला हवं. इराणच्या तज्ज्ञसभेबद्दल कुणाकडे आणखी माहिती असेल तर इथेच लिहा, धागा चालू ठेवते.